पखालजीचे पॉइंट किती?

हिंगोलीतले जुने मोहल्ले नुसते ओळीनं म्हटले तरी फौजेची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. पलटण, रिसाला बाजार, तोफखाना. मग पेन्शनपुरा, म्हणजे हजेरीपटावरून नाव कमी झालेल्यांची सोय. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमानं चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची इथं छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून गेलं, छावणी संपली, नावं तेवढी राहिली.

अशा गावात फौज कशी भरावी यावर वाद झडला तर नवल नाही. वाद घालणारे दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे. एक मामा: वसमतला इतिहास शिकवून निवृत्त झालेले, जत्रेतल्या कुस्त्यांना पंच म्हणून उभे राहणारे. दुसरी त्यांची भाची: पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी टेबलावर बोटभर उंचीच्या, हातानं रंगवलेल्या सैनिकांच्या लढाया खेळते. या खेळात फासे टाकण्याआधी प्रत्येकानं आपल्या सैन्याची लिस्ट करायची असते आणि ती कशी करायची याचे नियम पुस्तकभर असतात. दिवाळीला येताना तिनं अठराव्या शतकातल्या मराठी फौजेची, स्वतः बेतलेली लिस्ट मामांना दाखवायला आणली होती. मामांनी चष्मा लावला, तिथून पुढचं मी लिहून काढलं आहे. मधेमधे माझंही नाक खुपसलेलं दिसेल.

मामा: हे काय लिहिलंयस? बारगीर आठ, शिलेदार नऊ, गारदी बारा, तोफ चाळीस. मोंढ्यातले भाव आहेत का हे?

भाची: पॉइंट आहेत, मामा. तुकडीची किंमत. खेळणाऱ्या दोघांनी आधी ठरवायचं, हजारांची लढाई की दोन हजारांची. मग त्या आकड्यात मावेल तेवढी फौज घ्यायची. वॉरहॅमर फोर्टी थाउजंड म्हणून जो खेळ आम्ही खेळतो, त्यात दोन हजारांची लढाई नेहमीची. कोणी मोजकेच पण भारी योद्धे घेतं, कोणी साध्या शिपायांनी टेबल भरून टाकतं. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली नाही म्हणजे झालं.

मामा: म्हणजे आयपीएलचा लिलाव.

भाची: अगदी तसंच. २०२५ च्या हंगामाला प्रत्येक संघाकडे एकशे वीस कोटी होते, खेळाडू जास्तीत जास्त पंचवीस, त्यात परदेशी आठच. एक मर्यादा पैशाची, दुसरी कोण किती घ्यायचे त्याची. आमच्याकडंही दोन्ही असतात.

मामा: पैसा सगळ्यांकडं सारखा, मग एखादा संघ दरवर्षी तळाला कामून राहतो?

भाची: निवड चुकते म्हणून. तीच तर गंमत आहे. अर्धी हारजीत कागदावरच झालेली असते.

मामा: आता माझं ऐक. मी जत्रेत जोड लावतो. रेवड्यांवर खेळणाऱ्या पोरांपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत. तिथं वजनकाटा नसतो. दोन गडी समोर आले की मान बघायची, मांड्या बघायच्या, चालताना पाऊल कसं पडतं ते बघायचं. कुठल्या तालमीचा, गेल्या साली कोणाला चितपट केलं, हे डोक्यात असतंच. मग दोघांचे हात धरून वर करायचे. जोड लागली. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा समजायचं की बरोबर लागली. शिट्ट्या वाजल्या तर बदलायची. तुझा आकडा मान आणि मांड्या बघतो का?

भाची: नाही बघत. पण पंच त्याच गावचा असला की काय होतं?

मामा: (हसून) गावच्या पोराला जरा हलका गडी मिळतो. खोटं कशाला बोलू.

भाची: मग? तुमचा डोळा चांगला आहे, पण तो तुमच्यापाशी आहे. पुण्याच्या टेबलावर माझ्यासमोर कोण येईल ते मला माहीत नसतं, त्याच्या फौजेतलं काय किती जबर तेही नसतं. अनोळखी माणसाशी बरोबरीनं खेळायचं तर दोघांच्या मध्ये एक आकडा लागतो. हे करून बघितलेलं आहे. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीनं एज ऑफ सिग्मार नावाचा खेळ काढला, त्यात पॉइंटच ठेवले नाहीत. आपापसात ठरवा आणि खेळा. लोक वैतागले. ठरवायचं कशावरून? कोणी एक डोंगराएवढा राक्षस आणून ठेवायचा, कोणी पन्नास भालेवाले. वर्षभरात, २०१६ मध्ये, कंपनीला पॉइंटचं पुस्तक काढावं लागलं.

इथं मी पहिल्यांदा तोंड घातलं. म्हटलं, मामा, तुमच्या बाजूनंही पुरावा आहे आणि तो याहून जुना आहे. टेबलावरच्या लढाया शिस्तीत मांडल्या प्रशियाच्या लष्करानं. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात पॉइंट नव्हते. पंच एक प्रसंग द्यायचा: तू मागे हटतो आहेस, तुझ्याकडे एवढ्या पलटणी, पूल तुझ्या पाठीमागे; आणि दुसऱ्याला, तू पाठलाग करतो आहेस, तुझ्याकडे जास्त. दोन्ही बाजू विषमच असायच्या. पुढं १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा यानं फाशांची कोष्टकंही बाजूला सारली आणि निकाल अनुभवी पंचाच्या डोळ्यावर सोपवला. एवढं ऐकल्यावर मामांनी भाचीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू प्रशियाचे पंच वसमतच्याच जत्रेत तयार झाले होते.

भाची: पण ते अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी होतं. हरणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालायचं, नोकरी होती त्याची. मी शनिवारी स्वतःच्या पैशानं खेळायला जाते.

मामा: बरं, तुझी लिस्ट बघू. आठ पॉइंटांत किती बारगीर?

भाची: एक मूर्ती म्हणजे पंचवीस घोडेस्वार.

मामा: पंचवीसच कामून?

भाची: हे तुम्हीच शिकवलंय. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आहे. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे माझ्या पाच मूर्ती झाल्या की एक जुमलेदार घ्यायलाच हवा, असा नियम केलाय.

मामा: (खूश होऊन) हे बेस केलंस. पण त्याच बखरीत पुढं काय आहे? पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. ते कुठं आहेत तुझ्या वहीत?

भाची: ते लढत नाहीत ना.

मामा: लढत नाहीत म्हणून त्यांची किंमत शून्य?

भाची: पॉइंट लढाईतल्या उपयोगाचे असतात, मामा. फासा टाकून किती मारतो, किती मार सहन करतो, किती इंच सरकतो, त्यावरून किंमत ठरते. पखालजी टेबलावर ठेवला तर तो काय करणार?

मामा: पालखेडला काय केलं ते सांगू?

पालखेडवर मामा सुरू झाले की थांबवणं अवघड, म्हणून त्यांचं बोलणं मी आवरून देतो. १७२७ च्या शेवटाला पहिला बाजीराव निजामाच्या मुलखात उतरला. जालना, सिंदखेड हा टापू लुटला, बऱ्हाणपूरची हूल दिली आणि गुजरातेकडे सटकला. सोबत घोडदळ, जड सामान नाही, तोफा नाहीत. निजामाचा तोफखाना त्या काळी दख्खनेत नावाजलेला. निजाम पुण्याच्या मुलखात शिरला, पण बाजीराव माघारी फिरून औरंगाबादेवर येतो आहे म्हटल्यावर त्याला धावावं लागलं आणि धावण्यासाठी तोफा मागे ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला असं घेरलं की दाणापाणी तुटलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. फील्ड मार्शल माँटगोमेरीनं आपल्या युद्धेतिहासाच्या पुस्तकात या मोहिमेची तारीफ केली आहे, हे सांगताना मामांचा आवाज नेहमी एक पट्टी वर जातो.

मामा: आता तुझ्या वहीप्रमाणं निजामाची फौज दोन हजारांची, बाजीरावाची दोन हजारांची. टेबलावर मांड. कोण जिंकेल?

भाची: (जरा थांबून) निजाम. समोरासमोर तोफांपुढं घोडदळ टिकणार नाही.

मामा: झालं तर मग! जी मोहीम बाजीरावानं जिंकली, ती तुझ्या बेरजेत हरली. कारण तुझं टेबल जिथं सुरू होतं तिथं तो गेलाच नाही. किती मोठं असतं गं टेबल?

भाची: दोन हजारांच्या खेळाला साठ इंच बाय चव्वेचाळीस.

मामा: त्यात गोदावरी बसव.

भाची: मामा, हे बरोबर नाही. आता आमचा खेळ नुसता कत्तलीचा राहिलेला नाही. टेबलावर जागा ठरलेल्या असतात, त्या धरून ठेवल्या की गुण मिळतात. समोरच्याची सगळी फौज उभी असली तरी तुम्ही जिंकू शकता. म्हणून हलकी, पळती तुकडी स्वस्तात मिळत असली तर कामाची ठरते. पालखेडची विहीर हीच एक जागा करा, बघा बाजीराव कसा जिंकतो ते.

मामा: विहीर धरायला पखालजी लागेल का नाही?

भाची: (हसून) तुम्ही त्या पखालजीला सोडणारच नाही.

मला स्वतःला इथं मामांचं म्हणणं पटायला लागलं होतं, पण पुढची भर भाचीनंच घातली आणि वादानं वेगळं वळण घेतलं.

भाची: तसा पखालजी आमच्याकडं होता. वेगळ्या रूपात. १९९८ मध्ये फोर्टी थाउजंडची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात एक तक्ता होता. काहीही करा, एक सेनापती आणि साध्या शिपायांच्या दोन तुकड्या घ्याव्याच लागायच्या. बाकीचे खास योद्धे, वेगवान तुकड्या, जड हत्यारं, यांच्या तीन-तीनच जागा. लोक त्या दोन शिपाई तुकड्यांवर कुरकुरायचे. त्याला कर म्हणायचे. अगदी कमीत कमी पॉइंटांत त्या उरकायच्या आणि उरलेले सगळे रणगाड्यांवर घालायचे.

मामा: आणि आता?

भाची: २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत तो तक्ता काढूनच टाकला. तिच्यात एकाच बाजूची फौज हवी, एक सेनापती हवा आणि एकाच प्रकारची तुकडी तीनदाच घेता येते. साधं शिपाई पायदळ असेल तर सहादा.

मामा: तीनदाच कामून?

भाची: आठव्या आवृत्तीत लोकांनी उच्छाद मांडला होता. एक उडता राक्षस होता, किमतीच्या मानानं फारच जबर. लोक सहा-सहा, सात-सात घेऊन यायला लागले. फौज कसली, एकाच मूर्तीची माळ. २०१८ मध्ये तीनचा नियम आला.

मामा: म्हणजे आधी किमान होतं आणि कमालही होतं. पुढं किमान टाकलं आणि कमाल तेवढं धरून ठेवलं. पखालजी काढला आणि हत्ती मोजायला बसलात.

भाची: किमान ठेवून काय उपयोग? लोक पळवाट काढतातच.

मामा: पळवाटीचं मला नको सांगू. अकबराला घोड्यांवर डाग द्यावे लागले ते उगीच नव्हे. मनसबदार हजेरीला शेजाऱ्याचे घोडे मागून आणायचे. पगार हजार स्वारांचा, तबेल्यात सहाशे. म्हणून घोड्याला डाग आणि स्वाराचा चेहरा लिहून घ्यायचा. नियम पाळले जात नाहीत म्हणून नियमच काढत नसतात, पोरी. डाग देतात.

भाची: आमच्याकडंही डाग आहे! मूर्तीच्या हातात जे हत्यार दिसतं, तेच लिस्टवर हवं. हातात तलवार आणि कागदावर तोफ, असं चालत नाही. मोठ्या स्पर्धेत लिस्ट आधी पाठवावी लागते, तपासली जाते.

मामा: बरं केलं. मग पखालजीलाही डाग द्या.

भाची: देते. पण मला एक सांगा, तुमचा पखालजी वाढत गेला तर कुठं थांबायचं? पानिपतावर काय झालं? लढणारे किती आणि बरोबर चाललेले किती? यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकापोरं. त्या सगळ्यांना खायला कुठून आणायचं, याच पेचात भाऊसाहेब अडकले. इब्राहिमखानाचे गारदी आपली जागा धरून लढणारे, होळकरांचा कल गनिमी काव्याकडं. दोन निराळ्या तऱ्हांच्या फौजा एका यादीत आणि त्यांच्या मागं हजारो न लढणारी माणसं. तिथं किमान नव्हे, कमाल हवं होतं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की तेही सभासदाच्या बखरीत आहे: लष्करात बायको, बटकी, कलावंतीण नेऊ नये, आणि नेली तर शिक्षा काय, हेसुद्धा. दसऱ्याला फौज निघताना प्रत्येकाजवळ काय आहे त्याची नोंद करायची, परत आल्यावर झडती घ्यायची, जास्त सापडलं तर ते सरकारात जमा. म्हणजे पखालजी पंचविसामागं एक, पण एकच. ही गोष्ट मामांनी कबूल केली त्याचा मला आनंद झाला, कारण एरवी ते बखरीतलं आपल्या सोयीचं तेवढंच काढतात.

भाची: एवढं जुनं मोजमाप आवडतं तर अक्षौहिणीच घ्या की. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, ही पत्ती. तिच्या तिप्पट सेनामुख, मग गुल्म, असं करत करत एकवीस हजार आठशे सत्तर रथ आणि तेवढेच हत्ती. प्रमाण ठरलेलं, कमी नाही जास्त नाही. त्यात पखालजी आहे का?

मामा: नाही. आणि एकीकडं अकरा, एकीकडं सात. त्यांच्यात बेरीज सारखी नव्हती, आणि जिंकले कोण ते तुला माहीत आहे.

भाची: मला द्वारकेतला प्रसंग जास्त आवडतो. एकीकडं सगळी नारायणी सेना, दुसरीकडं निःशस्त्र कृष्ण. ही पण लिस्टच झाली. दुर्योधनानं पॉइंट बघितले.

मामा: आणि अर्जुनानं?

भाची: अर्जुनानं नियम बघितला. कृष्ण म्हणाला होता की लढणार नाही. सारथ्य करणार नाही असं कुठं म्हणाला होता? आमच्याकडं अशा खेळाडूला नियम वाचणारा म्हणतात आणि त्याच्याशी खेळायला लोक कंटाळतात. शिवाय पहिली निवड अर्जुनाला मिळाली. वयानं धाकटा आणि कृष्णाच्या नजरेला आधी पडला म्हणून. एवढं सगळं असून दुर्योधन खूश होऊन गेला, हे विसरू नका. त्याच्या हिशेबानं त्याला फायदाच झाला होता.

मामा: आता आपल्या गावचा हिशेब ऐक, म्हणजे तुझ्या पॉइंटांची खोट कळेल. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून तह लिहून घेतला. कंटिंजंटमध्ये पायदळ पाच हजारांहून कमी नसावं, घोडदळ दोन हजारांहून कमी नसावं, आणि मैदानी तोफांच्या चार बॅटऱ्या. पलटण, रिसाला, तोफखाना. ही झाली लिस्ट. हिची किंमत पॉइंटांत नव्हती. वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूरचा दोआब इंग्रजांच्या हवाली झाला, त्याच्या वसुलातून या फौजेचा पगार. पुढं धाराशिव आणि रायचूर परत मिळालं, पण वऱ्हाड नाही. १९०२ मध्ये ते सालिना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं. एका लिस्टपायी अख्खं वऱ्हाड गेलं, बाई.

भाची: थांबा, थांबा. ‘कमी नसावं’ म्हणालात?

मामा: हो. किमान.

भाची: हे किती उलटं आहे बघा. आम्ही कमाल घालतो, कारण फौज ज्याची त्यानंच ती जमवायची असते आणि सुटं सोडलं तर प्रत्येकजण वाढवत जाईल. इथं पैसे भरणारा एक आणि हुकूम चालवणारा दुसरा. हुकूम चालवणाऱ्याला कमाल कशाला हवी असेल? त्याला किमानच पाहिजे.

मामा: आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की तुझ्या वहीत दोन रकाने पाहिजेत. एक लढाईतल्या उपयोगाचा, दुसरा खजिन्याचा. शिलेदार तू बारगिरापेक्षा एक पॉइंट महाग धरलास. कामून? त्याचा घोडा चांगला म्हणून. पण घोडा त्याचा स्वतःचा आहे. सरकारी पागेतल्या बारगिराचा घोडा पडला तर सरकार दुसरा देतं. शिलेदाराचा पडला तर त्याचं घर बसतं. मग तो गर्दीत घोडा घालताना दोनदा विचार करणार. खजिन्याला तो स्वस्त, रणात जरा सावध. एका आकड्यात हे दोन्ही कसं बसवशील?

भाची: (वही ओढून घेत) घाबरण्याचा फासा एकानं कमी करते, आणि नऊचे सात करते.

मामा: बघ, एका वाक्यात दोन पॉइंट उतरले! तुमची कंपनी तरी असं वरचेवर बदलते का?

भाची: बदलते. वर्षातून काही वेळा. स्पर्धांचे निकाल बघतात, कुठली फौज शंभरातल्या पंचेचाळीस ते पंचावन्न लढायांच्या बाहेर जिंकायला किंवा हरायला लागली की तिच्या किमती हलवतात. लोक चिडतात, कारण महिनाभर रंगवलेली तुकडी एका दिवसात महाग होते.

पॉइंटांवरची माझी मोठी तक्रार हीच आहे. जत्रेतला पंच चुकला तर त्याला दुसऱ्या दिवशी पारावर जाब विचारता येतो. आकड्याला कोणाचं तोंड नसतं. पण भाचीचं उत्तरही मला खोडता आलं नाही: पारावर जाब विचारायला त्या गावचं असावं लागतं.

शेवटी मामांनीच एक खरी लढाई सुचवली, हिंगोली, नांदेड, उमरखेड या पट्ट्यातली. नोवसाजी नाईक हटकर निजामाविरुद्ध उठला होता. १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या फौजेनं, तिच्यात रसेल ब्रिगेडच्या पलटणी होत्या, मेजर पिटमनच्या हाताखाली नोव्हाच्या गढीला वेढा घातला. आत लढणाऱ्यांत अरब शिबंदी होती. तोफांनी तट फोडून ३१ जानेवारीला गढी घेतली. त्या पलटणींच्या निशाणावर पुढं ‘नोव्हा’ हा रणसन्मान मिरवला. गढीतल्यांच्या नावानं तसं काही राहिलं नाही.

मामा: आता याची लिस्ट कर. पण दोन्ही बाजूंना हजार-हजार दिलेस तर मी उठलो. ती लढाई बरोबरीची नव्हतीच.

भाची: नाही देत. पिटमनला हजार पॉइंट, त्यात निम्मे तोफांवर. नाईकाला चारशे आणि तट फुकट.

मामा: चारशेसुद्धा कशाला मोजतेस? नाईकाला बेरीज नकोच. त्याची गणती दिवसांत कर. जितके दिवस गढी टिकली तितके गुण. पिटमननं पहिल्या आठवड्यात घेतली तर तो जिंकला. महिना काढला तर गढी पडली तरी नाईक जिंकला.

भाची: हे आवडलं. पण मग पिटमनला घाई करायला काहीतरी लागेल. नाहीतर तो बसून राहील, तोफा डागत.

मामा: पाणी. बाहेरच्या फौजेला पाणी आणावं लागतं.

भाची: आलाच का पखालजी!

मामा: पंचविसामागं एक, सक्तीचा. पॉइंट शून्य.

भाची: शून्य नाही. शून्य ठेवला तर लोक आडोशाला उभे करतील, तोफेपुढं मुद्दाम मरायला पाठवतील. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूचं असंच होतं. दोन पॉइंट लावू. आणि जेवढ्या मूर्तींना पखालजी नसेल तेवढ्या तिसऱ्या दिवसापासून अर्ध्याच सरकतील.

मामा: दोन फार झाले. शिलेदार आत्ताच सातवर आणलास. पखालजी एक.

भाची: एक केला तर लोक पंचविसामागं चार घेतील.

मामा: घेऊ देत की. चौघांना खायला कोण घालणार?

भाची: म्हणजे आता दाण्याचा पण रकाना?

मामा: बैल किती धरायलीस?